वडील १९९४ ला पेन्शनवर आलेत, ईसीएचएस कार्ड आता काढावं का? मदत हवी आहे

डोंगरवाट

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९९४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता ७२ वर्षांचे आहेत, आई ६६ ची. दोघं गावी राहतात, मेढ्याच्या पुढे, एसटीनं सातारा सव्वा-दीड तास. मी पुण्यात प्रायव्हेट नोकरीत आहे, माझ्या कंपनीच्या पॉलिसीत मी, बायको आणि मुलगा एवढेच, आईवडील नाहीत.

वडिलांनी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठीची सरकारी आरोग्य योजना, कधी काढलंच नाही. २००३ ला योजना आली तेव्हा ते धडधाकट होते, आईलाही काही नव्हतं, आणि पेन्शनबरोबर मेडिकल अलाउन्स मिळतो तो बंद होणार म्हटल्यावर त्यांनी विषयच सोडून दिला. तो अलाउन्स आता महिना १००० रुपये आहे. त्यांचं म्हणणं असं की हे हजार रुपये हातात येतात, गावच्या डॉक्टरचं भागतं, ते सोडून साताऱ्याला रांगेत उभं राहायला कशाला जायचं.

पण या जानेवारीत आईच्या छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्याच्या गाडीतून रात्री साताऱ्याला आणली, जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिथे ॲडमिट केली आणि एक स्टेंट टाकला. सगळं धरून बिल २ लाख ४० हजार. माझी एफडी मोडली, थोडे मेव्हण्याकडून घेतले. पैशाचं दुःख नाही, आई घरी आली. पण कॅश काउंटरवर उभा असताना वडील बाकावर बसून होते, मान खाली, आणि मला म्हणाले "बावीस वर्षं नोकरी केली आणि आज तुझ्या खिशात हात घालायला लागला". ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आता आईची गोळ्या-औषधं, शुगर-बीपी-हार्ट मिळून महिना साडेचार हजारांच्या आसपास जातात. मी तीन बाजूंनी चौकशी केली आणि जास्तच गोंधळलो.

प्रायव्हेट मेडिक्लेमवाल्या एकानं आईचा स्टेंट ऐकून सरळ नाही म्हटलं. दुसरा म्हणाला दोघांचं मिळून वर्षाला ६५ हजार आणि आधीच्या आजारांना तीन वर्षं काही मिळणार नाही.

चुलतभाऊ म्हणतो आयुष्मान कार्ड काढ, ७० च्या वरच्यांना ५ लाख फुकट. पण आई ७० ची नाही ना.

आणि तिसरं ईसीएचएस. इथे अडचण अशी की वडिलांच्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव माहेरचं आहे, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. शिवाय माझी बहीण घटस्फोट झाल्यापासून सहा वर्षं आईवडिलांकडेच आहे, शिलाईकाम करते, तिची सातवीतली मुलगी पण तिथेच. त्या दोघींचं काही होतं का?

इतक्या वर्षांनी कार्ड निघतं का, मोठी रक्कम भरावी लागते का, आणि ज्यांचं गाव पॉलिक्लिनिकपासून (योजनेच्या दवाखान्यापासून) लांब आहे त्यांना खरंच उपयोग होतो का, हे कुणी अनुभवानं सांगितलं तर फार उपकार होतील.

निवृत्त_सुभेदार

भाऊ, तुमचे वडील मला सीनियर, त्यांना आधी माझा रामराम सांगा.

कार्ड निघतं. आणि तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर ऐका, १ जानेवारी १९९६ च्या आधी जे पेन्शनवर आले त्यांना काँट्रिब्युशन माफ आहे. मी नंतरचा, मला भरावं लागलं. आता जवान ते हवालदार ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार आणि ऑफिसर १ लाख २० हजार असं आहे, ते पण आयुष्यात एकदाच. तुमच्या वडिलांना यातलं काही नाही, कार्डाची किरकोळ फी तेवढी. फक्त तो हजाराचा अलाउन्स सोडायला लागतो, दोन्ही एकदम मिळत नाही.

आता हिशोब तुम्हीच करा. वर्षाचे १२ हजार सोडायचे आणि आईची वर्षाची पन्नासेक हजारांची औषधं पॉलिक्लिनिकातून घ्यायची. आधीच्या आजाराची अट नाही, वयाची नाही, ५ लाख संपले की बंद असलंही काही नाही. स्टेंट पडलेला माणूस सुद्धा पहिल्या दिवसापासून चालतो. ही गोष्ट कुठलीच प्रायव्हेट कंपनी देत नाही.

नावाचं काम मात्र कार्डाच्या आधी करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), दोघांचं आधार, लग्नाचा काही पुरावा, आणि "ही आणि ती एकच व्यक्ती" असं ॲफिडेव्हिट. तिथून केस रेकॉर्ड ऑफिसला जाते, मराठाचं रेकॉर्ड बेळगावला. पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लष्करी आदेश) निघाली आणि पीपीओत दुरुस्ती झाली की पुढचं सोपं. वेळ जातो, पण हे काम कार्डापुरतं नाही, उद्या फॅमिली पेन्शनला पण हेच नाव लागणार आहे.

पारिजात_७

सुभेदारकाकांच्या शेवटच्या वाक्याला माझे दहा वेळा अनुमोदन. माझे बाबा नेव्हीतून रिटायर, आईच्या नावात एका अक्षराची चूक होती आणि आम्ही करू करू म्हणत राहिलो. बाबा गेले. त्यानंतर आई आणि मी जे हेलपाटे घातले ना, फॅमिली पेन्शन वेगळं, कार्ड वेगळं, प्रत्येक ठिकाणी आई आपलं लग्न झालंय हे सिद्ध करत होती. दादा, वडील स्वतः सही करायला आहेत तोपर्यंत करून घ्या. वडिलांमागे आईचं कार्ड चालू राहतं, ती विधवा म्हणून मेंबर होते, पण कागदावर ती त्यांची बायको दिसली पाहिजे.

ताईंबद्दल, घटस्फोटित मुलगी आईवडिलांवर अवलंबून असेल तर डिपेंडंट म्हणून घेता येते. उत्पन्नाची अट आहे, महिना ९००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, त्याच्या आत पाहिजे. कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम लागेल, नुसतं माहेरी राहते म्हणून चालत नाही. भाचीचं मात्र होत नाही, नातवंडं त्यात बसत नाहीत. तिच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्यचं बघा, महाराष्ट्रात आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण आहे, कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. फक्त ठरलेले उपचार आणि योजनेतलं हॉस्पिटल.

डोंगरवाट

पारिजातताई, वाचून गलबलून आलं. हुकूम आहे बहिणीकडे. आयुष्मानचं कुणी सांगेल का? आणि जानेवारीसारखी रात्र परत आली तर काय करायचं, तेव्हा पॉलिक्लिनिकची रेफरल चिठ्ठी आणायला कुठे धावणार मी?

औषधवाला

मी मेडिकल चालवतो आणि सासरे एअरफोर्सचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

७० च्या वरच्यांसाठी जे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं त्यात उत्पन्नाची अट नाही हे खरं, पण ज्यांच्याकडे ईसीएचएस आहे त्यांनी दोन्हीतलं एक निवडायचं असा नियम आहे. आणि आयुष्मान म्हणजे ॲडमिट झाल्यावरचं. घरी रोज घ्यायच्या गोळ्या त्यात नाहीत, तुमचा महिन्याचा खर्च तर तिथेच आहे. म्हणून माझं मत स्पष्ट ईसीएचएस. वडिलांचं आयुष्मान घाईनं काढू नका.

इमर्जन्सीला रेफरल लागत नाही. पॅनेलवरचं, म्हणजे योजनेच्या यादीतलं, हॉस्पिटल असेल तर कार्ड घेऊन सरळ ॲडमिट करा, कॅशलेस होतं. पॅनेलवर नसलेल्या ठिकाणी जीव वाचवायला न्यावं लागलं तर आधी बिल तुम्ही भरायचं, ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, मग क्लेम. पण परत मिळतात ते सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं, तुमचं बिल २ लाख ४० हजार असलं म्हणून तेवढे मिळतील असं धरू नका. म्हणून आजच साताऱ्यातली पॅनेलवरची हार्टची हॉस्पिटलं कोणती ते विचारून नावं आणि फोन मोठ्या अक्षरात लिहा आणि आईच्या उशाशी, शेजारच्या गाडीवाल्याकडे, बहिणीच्या मोबाइलमध्ये, सगळीकडे ठेवा. यादी बदलत असते, दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून खात्री करा.

औषध कधीकधी पॉलिक्लिनिकात नसतं, हे पण सांगून ठेवतो नाहीतर वडील पहिल्याच खेपेला चिडतील. "उपलब्ध नाही" असं लिहून घ्यायचं, बाहेरून घ्यायचं, बिल लावायचं. चिठ्ठी न घेता बाहेर पडू नका.

निवृत्त_सुभेदार

मेडिक्लेमचं राहिलं. ईसीएचएस असून पण प्रायव्हेट पॉलिसी ठेवता येते, एकाच पैशाचा क्लेम दोनदा करायचा नाही एवढंच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पण गेलाय. पण वर्षाला ६५ हजार आणि तीन वर्षं आईच्या मूळ आजाराला काहीच नाही, मी असतो तर नसते दिले. ते पैसे आईच्या नावानं वेगळे टाका, बिगर-पॅनेल हॉस्पिटलच्या रात्री तेच कामाला येतील.

वडिलांना समजवताना पैशाचं बोलू नका. त्यांना सांगा हा हक्क नोकरीतून आलाय, मुलाच्या खिशातून नाही.

डोंगरवाट

काका, ते शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले "बुक ट्रंकेत आहे, काढून ठेवतो".

शनिवारी गावी जातोय, सोमवारी दोघांना घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात. आईचा शाळेचा दाखला सापडत नाहीये, तिची शाळा चौथीनंतर सुटली आणि त्या शाळेचं जुनं रजिस्टर भिजून गेलंय म्हणतात. जन्मतारखेसाठी आधार आणि ॲफिडेव्हिट एवढ्यावर कुणाचं काम झालं असेल तर रविवारपर्यंत प्लीज सांगा.