विषय: यूकॅसचा (यूकेतल्या युनिव्हर्सिटी अर्जाचा) पाचवा चॉइस नर्सिंग? लवकर सांगा प्लीज

मंडळी नमस्कार,
गणपतीत बोलणं झालं तेच. लेकीला चिल्ड्रन्स नर्सिंगच करायचंय, ह्यांचं म्हणणं यूकॅट (मेडिसिनची प्रवेश परीक्षा) दिलीच आहे तर चार चॉइस मेडिसिनचे भर आणि पाचवा नर्सिंगचा टाक. पण पर्सनल स्टेटमेंट (हा कोर्स का हवा ते सांगणारं लिखाण) एकच, तेच पाचही ठिकाणी जाणार, मग त्यात लिहायचं काय? कुणाच्या मुलांनी असं केलंय का? मेडिसिनची मुदत १५ ऑक्टोबर, शाळेला त्याआधी हवंय.
शुभदा

शुभदाताई, पाचवा बायोमेडिकल टाका, पुतण्याने तेच केलं. मेडिसिन सोडू नका. बारा बारा तास उभं राहायचं, नाइट, ख्रिसमसला ड्यूटी, १७ वर्षांच्या पोरीला काय कळतंय त्यातलं. नर्सिंग काय नंतरही करता येईल.
अविनाश

अविनाशदादा, नाइट आणि ख्रिसमस डॉक्टरांनाही असतात हो. शुभदा, मेडिसिनचं स्टेटमेंट नर्सिंगच्या ट्यूटरने वाचलं की तिला लगेच कळतं, पोरगी दुसरीकडे जायला निघालीय. नर्सिंगची मुदत जानेवारीत आहे, एवढी घाई कशाला? हो म्हणायच्या आधी तिला दोन गोष्टी कळू देत. निम्मा कोर्स प्लेसमेंटचा, म्हणजे वॉर्डवर प्रत्यक्ष काम करत शिकायचं, २३०० तास, त्याचा पगार नाही. वर्षाला ५००० पौंडांची ग्रँट मिळते ती परत करायची नसते, पण फीचं लोन आहेच. आणि नोकरीची सुरुवात बँड ५ ला (एनएचएसची पगारश्रेणी), २०२५-२६ ला वर्षाला साधारण ३१ हजार पौंड. मी पीडियाट्रिक वॉर्डवर आहे, हिवाळ्यात ब्रॉन्किओलायटिसची (फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात) तान्ही बाळं येतात, त्यांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का बघायचं, तेवढ्यात आई रडत असते तिलाही सांभाळायचं. हे वाचून तिला अजून जावंसं वाटलं तर तिला अडवू नका. बऱ्याच हॉस्पिटलांत १६ पासून व्हॉलंटियर घेतात, अर्ज आजच करा, डीबीएसला (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) वेळ लागतो.
वैशाली

सर्वांना विनंती, करिअर मार्गदर्शन युवा समितीकडे आहे, नोव्हेंबरात सेशन ठेवलंय, तिथे विचारावं. ही ईमेल लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. दिवाळीच्या फराळाची नावं अजून आलेली नाहीत.
प्रकाश

प्रकाशकाका, नोव्हेंबरपर्यंत १५ ऑक्टोबर होऊन गेलेली असेल! आणि गेल्या सेशनला सगळे आयटीवाले आणि एक अकाउंटंट, नर्स कुणी बोलावलीच नव्हती, यंदा वैशालीताईंना बोलवा. माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, लग्न ठरताना लोकांनी नाकं मुरडली, आणि पुढे गल्लीत कुणालाही सलाइन लावायचं असलं की पहिली हाक तिलाच. चकल्या माझ्याकडे लिहा.
मंजिरी

मंजिरी, आईंचं कळलं, पण इथलं वेगळं. नंतर नर्सिंग करता येतं हे मी बरोबरच म्हणालो, डिग्रीनंतर दोन वर्षांचा कोर्स असतो.
अविनाश

दादा, असतो, पण म्हणजे तीन वर्षं नको ते शिकून मग दोन वर्षं हवं ते. शुभदा, अ‍ॅडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ, लर्निंग डिसॅबिलिटी, ब्रँच अर्जातच निवडावी लागते, तिला चाइल्डच का ते नीट विचार. शनिवारी दुपारी मला फोन करायला सांग, तूही बस शेजारी, ह्यांनाही बसव.
वैशाली

वैशाली, थँक्यू गं. हे शनिवारी घरी आहेत, बसवते. मेडिसिनचा अर्ज तूर्त थांबवलाय. काका, माझ्या नावावर करंज्या लिहा, शंभर.
शुभदा