व्हेनिसमध्ये तुम्ही कसे फिरलात? आपापले किस्से लिहा

शेवंता
आमच्या सोसायटीची लिफ्ट कालपासून बंद. समोरच्या काकू लेकीकडून परत आल्या त्या दोन मोठ्या बॅगा घेऊन, मी मदतीला गेले आणि प्रत्येक पायरीवर ती चाकं खटाक खटाक आपटायला लागली तशी मला एकदम व्हेनिसच आठवलं. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर आलं की समोर रिक्षा नाही, बस नाही, रस्ताच नाही, थेट पाणी. फोटो शंभर वेळा बघितलेले असले तरी तिथे पायऱ्यांवर उभं राहिलं की माणूस गप्प होतो. मग हॉटेलवाल्याचा मेसेज उघडायचा, "स्टेशनपासून चालत फक्त १२ मिनिटं". मधे पूल किती ते त्याने लिहिलेलं नसतं. आणि पूल म्हणजे चढ-उतार नव्हे, पायऱ्या, चढायच्या आणि लगेच तेवढ्याच उतरायच्या. तिसऱ्या पुलानंतर नवऱ्याने माझ्याशी बोलणं बंद केलं ते रूमची किल्ली मिळेपर्यंत. आता हसायला येतं.
तर तिथे ज्यांनी ज्यांनी पाय तुडवलेत त्यांनी लिहा. पत्ते, बोटी, भांडणं, काहीही चालेल.

निवांत
शेवंताताई, अख्ख्या गावात चारशेच्या वर पूल आहेत, तुमचा नवरा तिसऱ्यालाच दमला? :)
गंमत अशी की मोठ्या कालव्यावर, म्हणजे ग्रँड कॅनालवर, फक्त ४. स्काल्झी, रिअल्टो, अकादेमिया आणि २००८ मधे उघडलेला तो कालात्राव्हा या आर्किटेक्टचा नवा. त्यामुळे समोरच्या काठावर आपलं हॉटेल दिसत असतं, बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल पण दिसतात आणि तिथे पोचायला पाऊण तास. यावर उपाय त्रागेत्तो. जुन्या गोंडोल्यासारखीच होडी, दोन वल्हेवाले, या काठावरून त्या काठावर बास. पाहुण्यांना २ युरो. आमच्या पुढे एक आजी होती, हातात भाजीची चाकाची पिशवी, मासळीबाजाराकडून समोरच्या काठाच्या सांता सोफियाला चालली होती. पूर्ण कालवा तिने उभ्याने पार केला, एका हाताने मोबाईल बघत. आम्ही सगळे पर्यटक मात्र खाली बसून कडेला घट्ट धरून.

डोंबिवलीफास्ट
उभ्याने होडीत?? ८.१४ च्या दारात लटकलेल्या माणसाला हे सांगताय होय

निवांत
तिथे चौथ्या सीटचा प्रश्न नाही एवढाच फरक

गोडबोले_नव्हे
गोंडोल्याबद्दल कोणीच लिहित नाहीये म्हणून लिहितो. सरकारी दर ९० युरो, अर्धा तास, माणशी नाही तर होडीचे. त्यामुळे ५ जण जमवा आणि वाटून घ्या. संध्याकाळी ७ नंतर ११०. गाणं त्यात येत नाही. बायकोला वाटलं होतं तो गाईल, तो फोनवर मित्राशी फुटबॉलबद्दल बोलत होता अख्खा वेळ.

आक्कासाहेब
आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, काही वर्षं झाली. बस त्रोन्केत्तो नावाच्या बेटावर सोडते, तिथून बोट. आमच्या गाईडबाईच्या हातात छत्री आणि छत्रीला लाल रुमाल, तो दिसला नाही की आमच्यातला कोणीतरी ओरडायचा "रुमाल कुठाय रुमाल". चाळीसेक माणसं त्या गल्लीत, दोन माणसं समोरून आली तर भिंतीला चिकटायचं. आता म्हणे २०२४ पासून एका ग्रुपमधे २५ पेक्षा जास्त लोक चालत नाहीत आणि लाऊडस्पीकरला पण बंदी आहे, बरं केलं, आमच्या वेळी चार भाषांमधे एकदम गलका चालायचा. दुपारी भूक लागली म्हणून सान मार्को चौकात कमानीखाली पायऱ्यांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली तर एक जॅकेटवाली मुलगी धावत आली, इथे बसून खायचं नाही, दंड होतो. अगं बाई म्हटलं एक घे तरी. हसली, पण उठवलंच.

मीच_ती
आक्का तुम्ही तिला दशमी ऑफर केलीत हे वाचून चहा नाकातून आला

सदाशिवपेठी
पत्त्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आमच्या बुकिंगवर पत्ता होता, कास्तेल्लो आणि पुढे चार आकडी नंबर. गल्लीचं नावच नाही! त्या गावाचे सहा भाग आहेत, आपल्या पेठा असतात तसे, आणि नंबर गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले. एका कोपऱ्यातून सुरू करून वळत वळत सगळ्या घरांना. त्यामुळे एका दारावर जो आकडा त्याच्या समोरच्या दारावर त्याहून शंभराने जास्त असू शकतो. पोस्टमनला पेन्शनबरोबर पदकही द्यायला पाहिजे. गुगल मॅप त्या अरुंद गल्ल्यांमधे गांगरतं, निळा ठिपका पलीकडच्या कालव्यात जाऊन पोहायला लागतो. शेवटी कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या बघायच्या, रिअल्टोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे, एवढंच लिहिलेलं असतं आणि बाण. एका ठिकाणी तर एकाच जागेला जायला डावीकडे पण बाण आणि उजवीकडे पण. आणि दोन्ही बरोबर!! घरमालकाला आधीच विचारून ठेवा की जवळचा चौक कुठला आणि बोटीचा स्टॉप कुठला. नंबर नंतर.

कोकणकन्या
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, दोन्ही गुडघे गेलेले. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं की व्हेनिस आणि गुडघे? पण नीट बेत केला तर जमतं म्हणून जरा मोठं लिहितेय. चालणं कमी, बोट जास्त. वापोरेत्तो म्हणजे तिथली बस, फक्त पाण्यातली. १ नंबरची बोट ग्रँड कॅनालवर जवळजवळ प्रत्येक स्टॉपला थांबते, २ नंबरची कमी स्टॉप घेते. आधी तराफ्यावर जायचं, तो पण पाण्यावर तरंगतोच त्यामुळे जरा डुगडुगतो, मग बोट लागते, दोर बांधणारा माणूस कठडा सरकवतो, आणि बोटीत पाय टाकायला फट अगदी छोटी. व्हीलचेअर सरळ आत जाते. अपंगांना सवलतीचं तिकीट असतं. सुटं तिकीट ७५ मिनिटांचं साडेनऊ युरोला पडतं, म्हणजे तीन तिकिटं लागणार असतील तर २४ तासांचा २५ युरोचा पास स्वस्त, तोच घ्या. दर वेळी चढण्याआधी मशीनला लावायचा, पास असला तरी. आमच्या डोळ्यांसमोर एका जोडप्याला दंड झाला, तिकीट खिशात होतं पण लावलं नव्हतं.
हॉटेल घेताना मी एकच बघितलं, बोटीच्या स्टॉपपासून दारापर्यंत एकही पूल नको. महाग पडलं पण वसूल. झात्तेरे या पाण्याकाठच्या रस्त्याला ऑक्टोबरच्या मॅरेथॉनसाठी पुलांवर लाकडी रॅम्प टाकतात ते नंतरही बरेच दिवस ठेवतात, तिकडे सासूबाई स्वतः चालल्या, आइस्क्रीम खात.
सगळ्यात जास्त त्यांना काय आवडलं विचारा. राजवाडा नाही, चर्च नाही. कचऱ्याची बोट. सकाळी ढकलगाडी घेऊन माणसं गल्ल्यांमधून कचरा गोळा करतात, मग ती ढकलगाडीच क्रेनने उचलून बोटीत रिकामी करतात. तासभर खिडकीत बसून बघितलं त्यांनी. मग अँब्युलन्सची बोट गेली, मग वॉशिंग मशीन घेऊन एक बोट. "इथे घर बदलायचं म्हणजे काय ताप असेल गं" हे दिवसातून चार वेळा.

शेवंता
कोकणकन्या किती छान लिहिलंस. सासूबाई ग्रेट आहेत, त्यांना माझा नमस्कार.

डोंबिवलीफास्ट
कचरा ओला सुका वेगळा का पण

कोकणकन्या
वेगवेगळा गोळा करतात रे बाबा. शिवाय त्या माणसाने दारावर येऊन न्यायचा, रात्रीच बाहेर ठेवायचा नाही, सीगल फाडतात पिशव्या.

पादुआचा_पक्या
मी पादुआला शिकायला होतो, तिथून ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे पाहुणे आले की मी फुकट गाईड. एक सूचना, ट्रेनमधे "वेनेत्सिया मेस्त्रे" ऐकून उतरू नका, ते जमिनीवरचं गाव. सांता लुचिया पुढचं, शेवटचं, मधला रेल्वेचा पूल १८४६ चा आहे आणि तिथून दोन्ही बाजूला नुसतं पाणी, ती दहा मिनिटं खिडकी सोडू नका.
१२ नोव्हेंबर २०१९ ला मी तिकडेच होतो. भरतीची पातळी १८७ सेंमीपर्यंत गेली, १९६६ नंतरचं सगळ्यात मोठं. दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी साफसफाईला गेलो, तळमजल्यावरचा फ्रीज आडवा होऊन दाराला अडकलेला, दार आतून उघडेना. सगळीकडे खारट चिखल आणि भिजलेली पुस्तकं. आता समुद्राच्या तोंडाशी भरती अडवणारे मोझे नावाचे दरवाजे आहेत, ऑक्टोबर २०२० पासून वापरतात. पण ते मोठ्या भरतीलाच वर येतात, ११० सेंमीच्या आसपास अंदाज असला तर. सान मार्को चौक सगळ्यात खोलगट, तो त्याच्या बऱ्याच आधी भिजतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमधे जाणार असाल तर भरतीचा अंदाज रोज बघायचा, फळ्यांचे रस्ते घालतात त्यावरून एका रांगेत चालायचं, आणि सेल्फीसाठी मधेच थांबायचं नाही, मागून व्हेनिसच्या आजीबाई ज्या शिव्या देतात त्या कुठल्या शब्दकोशात नाहीत.

मीच_ती
ऐकायला आवडतील :D

एप्रिलवाली
आम्ही येत्या एप्रिलमधे जातोय, गावात शिरायला पैसे पडतात असं ऐकलं, खरं का? मुलगा ११ वर्षांचा आहे

पादुआचा_पक्या
खरं आहे. २०२४ मधे सुरू झालं, ठराविक दिवशीच आणि सकाळी साडेआठ ते दुपारी ४. फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना. आधी काढलं तर ५ युरो, २०२५ पासून आयत्या वेळी काढलं तर १०. गावातच राहणार असाल तर माफ आहे, पण नोंदणी करून क्यूआर कोड काढावा लागतो. १४ च्या खालच्या मुलांना नाही. तुमच्या तारखा यादीत आहेत का ते सरकारी साईटवर बघून घ्या, यादी दरवर्षी बदलते.

एप्रिलवाली
थँक्यू पक्यादादा!! मुरानो बुरानो दोन्ही बेटं एका दिवसात होतात का

सदाशिवपेठी
होतं. फोंदामेंते नोव्हे स्टॉपवरून १२ नंबरची बोट, आधी मुरानो मग बुरानो. मुरानोला काच बनवताना दाखवतात तिथे मुलाला पुढे उभं करा. आणि आधी बुरानो करून येताना मुरानो केलं तर गर्दी उलटी पडते. बुरानोला रंगीत घरं बघून झाली की शेजारचं बेट तोर्चेल्लो, तिथलं जुनं चर्च कोणी बघत नाही, जरूर बघा.

गोडबोले_नव्हे
टॉयलेट! सार्वजनिक ठिकाणी पैसे मोजावे लागतात, सुटी नाणी ठेवा. त्यापेक्षा काउंटरला उभं राहून कॉफी प्या आणि तिथलंच वापरा. टेबलावर बसलात की तीच कॉफी दुप्पट तिप्पट, आणि सान मार्कोत बाहेर बँड वाजत असेल तर बिलात संगीताचे वेगळे पैसे. आम्ही खांबाआड उभं राहून फुकट ऐकलं.

निवांत
पुण्याचेच ना तुम्ही

गोडबोले_नव्हे
सातारा. पण संस्कार चांगले आहेत.

एप्रिलवाली
आक्का, त्या दशम्या किती दिवस टिकल्या तुमच्या? दुधात भिजवलेल्या का?

आक्कासाहेब
दुधात, आणि मोहन जरा सढळ. चारपाच दिवस आरामात. पूर्ण गार झाल्यावरच बांधायच्या हां, नाहीतर घाम धरतात. चटणीत लसूण कमी घाल, विमानात शेजारचा उठून जातो.

डोंबिवलीफास्ट
मग तर जास्तच घाला, तीन सीट मिळतील