गगनयानाला २०,१९३ कोटी, आणि पाणी आल्याचं आम्हाला कळलं ते वॉचमनच्या ओरडण्यातून

मुठेकाठी

२५ जुलै २०२४ ची पहाट. आम्ही सिंहगड रोडला, नदीच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर राहतो. चार-सव्वाचारला वॉचमन जिन्यातून ओरडत वर आला, "गाड्या काढा, पाणी आलंय!" खाली उतरलो तेव्हा पार्किंगमध्ये मांडीपर्यंत पाणी होतं. गाड्यांचा विचारच सोडला. तळमजल्यावरच्या आजींना मी आणि शेजारच्या मुलाने खुर्चीसकट उचलून वर आणलं. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची डबी खालीच राहिली. फ्रीज तरंगून स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला होता, आत जाताच येईना.

त्या पहाटे खडकवासला धरणातून तीस हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हिशोब करा, दर सेकंदाला दहा हजार लिटरचे ८५ टँकर. सोडणाऱ्यांना हा आकडा माहीत होता, नदीकाठी झोपलेल्यांना नव्हता.

२०२३ च्या जुलैत सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. त्यासाठी कुणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातला प्रत्येक फोन एकाच वेळी वाजतो. म्हणजे तंत्र होतं, आणि तरी त्या रात्री माझा फोन उशाशी गप्प पडून होता.

पुरानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, माणूस अंतराळात पाठवायच्या गगनयानाची मंजूर रक्कम वाढून २०,१९३ कोटी झाल्याची बातमी वाचली. आमच्या भिंतींची ओल तेव्हा गेली नव्हती. माझं मत सरळ आहे. माणूस वर पाठवायचं दहा वर्षं लांबलं तर काही बिघडत नाही. तो पैसा आणि ती हुशार माणसं आधी खालच्या कामाला लावा.

भोसरीतला लेथवाला

दादा, आजींना उचलून आणलंत त्याला नमस्कार. पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. तंत्र होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग फोन वाजवायला गगनयानातले किती कोटी लागले असते? पुणे महापालिकेचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक ११,६०१ कोटींचं होतं. एका शहराच्या दोन वर्षांच्या खर्चापेक्षा कमी पैशात देश अनेक वर्षांचा कार्यक्रम चालवतोय. अडलं ते निरोपाशी, आणि राग काढताय रॉकेटवर. त्यात ज्याने निरोप द्यायचा होता तो मोकळा सुटतो.

दुसरं, माझ्या वर्कशॉपमधलं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या व्हेंडरमार्फत अंतराळाच्या कामाचे ४० नग आले. धातूच्या बारवर हीट नंबर असतो, म्हणजे ते मटेरियल कुठल्या भट्टीतून आलं त्याची ओळख. बार कापला की प्रत्येक तुकड्यावर तो नंबर पुन्हा पंच करायचा. एका नगावरचा नंबर मशिनिंगमध्ये गेला. मायक्रोमीटरवर माप चोख, फिनिश आरशासारखं, तरी नग रिजेक्ट. इन्स्पेक्टर म्हणाला, "हा कुठून आला ते सांगता येत नाही ना? मग विषय संपला." तेव्हा मी खूप चिडलो होतो. आज शेतातल्या पंपाच्या शाफ्टलासुद्धा माझ्याकडे हीट नंबर लागतो.

आत माणूस बसणार म्हटल्यावर ही शिस्त आणखी कडक होते. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानाचं पहिलं चाचणी-उड्डाण होतं. उड्डाणाला पाच सेकंद उरलेले असताना संगणकाने ते थांबवलं. सगळा देश बघत होता. कारण शोधलं आणि त्याच सकाळी दहाला उडवलं. थांबायची ही हिंमत धरणावरही हवी आणि कारखान्यातही. ती कुठेतरी तयार व्हावी लागते.

जुन्नरची शिक्षिका

मी गगनयानाच्या विरोधात आहे, पण मुठेकाठी यांच्या कारणासाठी नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास मी मुलांना खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला नेते. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. मुलं हमखास विचारतात, "बाई, ही तर नुसती जाळी! यातून आकाश दिसतंय." मग मी सांगते की रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे त्या जाळीवरूनच परततात. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हे ओळखलं आणि स्टीलच्या दोरांनी जाळी ताणून जगातली मोठी दुर्बीण आपल्या खर्चात बसवली. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदला ऐकू आला. शेवटी ते यान आदळलं, पण उतरतानाचा आवाज आपल्या जुन्नर तालुक्यात टिपला गेला. हे ऐकताना मुलांचे चेहरे बघावेत.

विज्ञान हवं तर हे आहे. चांद्रयान-३ ६१५ कोटींत झालं. आदित्य-एल१ वरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवली. माणूस वर नेला की बहुतेक पैसा त्याला जिवंत परत आणण्यात जातो, आणि जायलाच हवा. पण मग नवं कळतं किती? तेवढ्यात अशी किती यानं झाली असती, हा माझा प्रश्न आहे.

गच्चीवरचा पाऊस

लेथवाल्यांशी सहमत, पण एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण गैरसमज सगळीकडे आहे. "उपग्रह आहेत, मग पाऊस कळत कसा नाही?" इन्सॅट-३डीआर ३६,००० किलोमीटरवरून बघतो. त्याच्या उष्णतेच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटर. त्यात कळतं ते ढगाच्या माथ्याचं तापमान. माथा फार थंड म्हणजे ढग उंच, म्हणजे पाऊस असावा, हा अंदाज. खडकवासल्याच्या वरच्या टेमघरच्या डोंगरात पाणी किती पडलं हे जमिनीवरच्या भांड्यालाच कळतं.

आणि ते भांडं अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला तर सुमारे ९,३०० लिटर, जवळजवळ एक टँकर. त्या दिवशी शिवाजीनगरला शंभराच्या वरच झाला होता. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी घेऊन मी ११ वर्षं रोज सकाळी साडेआठला मोजतोय. माझा मावसभाऊ मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या वर राहतो. तोही मोजतो. आमच्या दोघांच्या आकड्यांत कित्येकदा तिपटीचा फरक असतो. तिकडचं पाणी खाली खडकवासल्यात येतं, म्हणून पुण्याला पूर येतो तो त्याच्या आकड्याने, माझ्या नाही.

शनिवारातले आजोबा

१२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. पानशेत फुटलं त्या सकाळी रस्त्यावरून आरोळी आली, "धरण फुटलं, पळा!" तेवढाच निरोप. आईने धाकट्याला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि आम्ही पर्वतीच्या दिशेने निघालो. घरात डाळ शिजत होती, स्टोव्ह तसाच राहिला. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला नंतर कळलं.

तेव्हा देशाचा एकही उपग्रह नव्हता. त्यामुळे गगनयान दोषी नाही हे मला मान्य आहे. पण मुठेकाठी यांच्या वॉचमनचं वाचलं आणि हात थरथरले. त्रेसष्ट वर्षांनीही निरोप आरोळीनेच यावा? म्हणून मत विचाराल तर मी त्यांच्या बाजूने. ज्या सरकारला वरचं एवढं नीट जमतं, त्याला खालचं जमत नाही हे मी ऐकून घेणार नाही.

मुठेकाठी

आजोबा, तुमचं घरी वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या आजीही तेव्हा पुण्यातच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

लेथवाले दादा, पैशाचा मुद्दा मी मागे घेतो. तुमचा हिशोब बरोबर आहे. पण माणसांचा मुद्दा घेत नाही. १९७५-७६ मध्ये याच इस्रोने नासाचा उपग्रह वापरून २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला होता. शेती, आरोग्य, शाळा हेच त्यातले विषय. गावात संच बसवायचा, तो बिघडला तर दुरुस्त करायचा, लोकांना समजलं की नाही हे जाऊन विचारायचं, हे सगळं त्या कामाचाच भाग होता. विक्रम साराभाईंनी आखलेलं काम ते. निरोप शेवटच्या माणसापर्यंत पोचला का, हे तपासणं तेव्हा कमीपणाचं नव्हतं. तुमच्याकडे नंबर नसलेला नग रिजेक्ट होतो ना? मग न पोचलेला इशारा कोण रिजेक्ट करतं?

भोसरीतला लेथवाला

हे पटलं. पोचल्याची नोंद नाही तर इशारा दिलाच नाही असं धरायला हवं. पण म्हणून गगनयान थांबवा, हे अजूनही पटत नाही. राकेश शर्मा खडकवासल्याच्या एनडीएतून गेले, शुभांशू शुक्लाही तिथूनच. ज्या धरणाच्या पाण्यावर आपण भांडतोय त्याच्याच काठावरून दोघं वर पोचले. माझ्या पोरीला ते सांगताना मला जे वाटतं ते मी सोडणार नाही.

गच्चीवाले साहेब, एक शंका. मावसभाऊ साडेआठला मोजतात, पाणी आलं पहाटे चारला. रात्री कोण उठणार?

गच्चीवरचा पाऊस

तिथेच अडतंय. झुलत्या चमच्यांचा मापक लागेल. पाणी फनेलमधून एका चमच्यात पडतं, तो भरला की कलंडतो आणि दुसरा पुढे येतो. प्रत्येक कलंडण्याची विजेने मोजणी होते आणि आकडा फोनवर येतो. २०० मिलिमीटर व्यासाचं फनेल धरलं तर ०.२ मिलिमीटर पावसाला चमच्यात ६.२८ मिलिलिटर पाणी हवं. चमचा त्यावर अचूक कलंडला पाहिजे, नाहीतर सगळा आकडा चुकतो.

भोसरीतला लेथवाला

फनेल ॲल्युमिनियममध्ये मी टर्न करून देतो, काठाला धार ठेवून, म्हणजे थेंब बाहेर उडणार नाही. चमच्यांची पिव्हट पिन स्टेनलेसची करू. रविवारी दुकान बंद असतं, मशीन मोकळं आहे. ड्रॉइंग पाठवा.

मुठेकाठी

मावसभावांकडे बसवायला मी येतो. फोनवर आकडा आला की आमच्या सोसायटीत रात्री कुणी जागं राहायचं, त्याची यादी आज करायला घेतली आहे. पहिलं नाव वॉचमनचं नाही, माझं आहे.