'इन्' लागलेले इंग्रजी शब्द: पुस्तक, अ‍ॅप की क्लास? (बजेट 500)

कोपरीकर:
नमस्कार मंडळी. महाप्याला केमिकलच्या गोदामात स्टोअर्स बघतो. वय 43, शाळा मराठी माध्यमाची. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये एका छोट्या पुरवठादाराला 'इनफेमस' म्हणालो. मला म्हणायचं होतं, फारसं नाव न झालेला. साहेबांनी आधी उच्चार सुधारला, 'इन्फमस', आणि मग अर्थ सांगितला: कुप्रसिद्ध. पुरवठादार समोरच बसला होता, चहा घेत.
तेव्हापासून शब्दाच्या तोंडाशी 'इन्' दिसला की धडकी भरते. अर्थ आणि उच्चार दोन्ही कळतील असं काही सुचवा. बजेट 500 रुपये, एकदाच. मासिक वर्गणी नको. ठाणे ते कोपरखैरणे लोकलमध्ये वेळ मिळतो.

घोडबंदरची_मनू:
आमच्या चिरंजीवांना क्लास लावलाय, तीन महिन्यांचे 18,000. आता घरात आमच्याच चुका काढतो. पैसे वसूल!

कोपरीकर:
ताई, 500.

नेरूळचा_नाना:
अ‍ॅपच्या नादी लागू नका. 'सात दिवस फुकट' म्हणून घेतलं, आठव्या दिवशी 399 गेले. अ‍ॅप उडवलं तरी दर महिन्याला जातातच. बँकेत दोन चकरा झाल्या. शिकलो काय, तर 'ए फॉर अ‍ॅपल'.

घंटाळीकाका:
माझ्याकडे मोल्सवर्थचा शब्दकोश आहे, 1857च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. घरी आलात तर दाखवीन, नेऊ देणार नाही. बाकी 'इन्' म्हणजे आपला संस्कृतातला नकाराचा 'अ'. एवढं ध्यानात ठेवा, पुस्तकाची गरजच नाही.

तुर्भे_लोकल:
काका, मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी आहे, यांना उलटं हवंय. आणि 'इन् म्हणजे नकार' धरून चालले तर गोदामात एखाद्याचा जीव जाईल. टँकरवर इन्फ्लॅमेबल लिहितात ते पेट घेणारं. तिथला 'इन्' नकाराचा नाही, 'आत'वाला, लॅटिनमधून आलेला. फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल एकच. याच घोळापायी अमेरिकेत 1920च्या दशकात अग्निसुरक्षावाल्यांनी नुसतं फ्लॅमेबल लिहा असा आग्रह धरला. न पेटणारं ते नॉन-फ्लॅमेबल.
आमच्याकडे एक नवीन पोरगा इन्फ्लॅमेबल लिहिलेल्या पिंपाला टेकून विडी पेटवायच्या बेतात होता. काडी हातात. ओरडलो तर मलाच म्हणे, "न पेटणारं लिहिलंय ना त्याच्यावर?"

नेरूळचा_नाना:
बापरे. पोरगा टिकला का?

तुर्भे_लोकल:
विडी सुटली, नोकरी टिकली.

शब्दवेडी:
तसाच इन्व्हॅल्युएबल. बिनकामाचा नव्हे, मोल करताच येणार नाही असा. आपला 'अमूल्य'च.
आता उच्चार. सगळा खेळ जोर कुठे द्यायचा याचा आहे. फेमसमध्ये जोर 'फे'वर. पुढे 'इन्' आला की जोर त्याच्यावर सरकतो आणि 'फे'चा जीव जाऊन नुसता 'फ' उरतो. फाइनाइटचं इन्फिनिट होतं तेही असंच. पण याचा नियम करू नका. इन्व्हॅलिड घ्या: 'व्हॅ'वर जोर दिला तर अवैध, 'इन्'वर दिला (इन्व्हलिड) तर आजारी, अंथरुणाला खिळलेला माणूस. स्पेलिंग तेच.
केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे. शब्दाशेजारी स्पीकरचं चित्र असतं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात. उच्चाराच्या चिन्हांत वरच्या बाजूला उभी बारीक रेघ दिसेल, ती ज्या अक्षराआधी, जोर तिथे.

सीवूड्सकर:
इन्डाइट घ्या यादीत. आरोपपत्राच्या बातम्यांत वीस वर्षं 'इन्डिक्ट' वाचत आलो. 'सी' मुका आहे हे बायकोने सांगितलं. चारचौघांत.

घंटाळीकाका:
नकाराचं निघालंच आहे तर: हल्ली 'माझ्या अपरोक्ष' म्हणतात आणि अर्थ घेतात पाठीमागे! परोक्ष म्हणजेच डोळ्याआड. अपरोक्ष म्हणजे समोर. आधी मराठी सुधारा.

सीवूड्सकर:
काका, सगळे वापरतात तोच अर्थ होतो. भाषा नदीसारखी असते.

घंटाळीकाका:
नदीत सांडपाणीही सोडतात.

सीवूड्सकर:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

घोडबंदरची_मनू:
ऑनलाइन डिक्शनरी फुकट असते, कोणी सांगितलं का? स्पीकर दाबला की बोलते पण.

कोपरीकर:
सर्वांचे आभार. काल ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश दिसला. 300 सांगितले, 220ला दिला. घरी येऊन उघडला तर उच्चार दिलेलेच नाहीत. असू दे, अर्थ तर कळतील. उच्चार आठवीतली लेक सांगणार आहे. तिची फी दर रविवारी मामलेदारची मिसळ, मध्यम तिखट.

शब्दवेडी:
अहो, फुकटचं सांगितलं होतं की!

कोपरीकर:
लोकलमध्ये दोन फोन मारले गेलेत माझे, ताई. शब्दकोश कोणी मारत नाही.

नेरूळचा_नाना:
आज परत 399 कापले.