सेवा करताना सुवार्ता सांगावी का? आमच्या मंडळीच्या हॉलवरून एक चर्चा

धागालेखिका

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सभासद आहे आणि गेली सहा वर्षे तिचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीवर काम करते. आमच्या प्रार्थनामंदिराला लागून एक कौलारू हॉल आहे. रविवारी तिथे मुलांची शब्बाथशाळा भरते, नाताळात पंगती बसतात, आणि एरवी त्याला कुलूप असते. गेल्या वर्षी १ जूनला मासेमारीबंदी सुरू झाली आणि पहिल्याच मोठ्या पावसात वाडीतल्या रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासळी धरणाऱ्यांची, जाळी ठेवायची खोप कोसळली. तेव्हा पाळकसाहेबांनी कोणाला न विचारता हॉलची किल्ली त्यांच्या हाती दिली. बाके भिंतीला लागली, तुळयांना दोर बांधून जाळी टांगली गेली, आणि ३१ जुलैपर्यंत रोज पंधरा-वीस माणसे तिथे बसून फाटक्या जाळ्यांची डागडुजी करत होती. महिला मंडळाने दुपारची पेज सुरू केली. तांदूळ आमचा असे आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर वाडीतल्या बायका घरून आणत.

त्या दोन महिन्यांत आम्ही कोणाच्या हाती धर्मप्रचाराची पत्रिका दिली नाही, कोणाला प्रार्थनेला बसवले नाही, आणि कोणी आपणहून विचारल्याशिवाय येशूचे नाव काढले नाही. हे आम्ही ठरवून केले होते. पुढच्या सभेत मी असा ठराव मांडणार आहे की हा हॉल वर्षभर गावाला खुला असावा, तिथल्या सेवेला धर्मप्रचाराची जोड नसावी, आणि बाप्तिस्मा न घेताही जे नियमाने उपासनेला येतात त्यांना गायनात, अभ्यासवर्गात व सेवेच्या कामांत बरोबरीने घ्यावे. सेवा हे सुवार्तेकडे, म्हणजे येशूच्या संदेशाकडे, ओढून नेणारे आमिष होऊ नये, बदल्यात काही मिळवण्याचा हेतू नसलेली सेवा हीच उपासना आहे, असे मी मनापासून मानते. मंडळीत यावरून दोन तट पडले आहेत, आणि विरोध करणारी माणसे माझ्या आईवडिलांच्या जागी आहेत. म्हणून सभेआधी सर्व बाजू ऐकायच्या आहेत.

मंडळीतील एक ज्येष्ठ

मी त्या विरोध करणाऱ्यांपैकीच आहे, तेव्हा माझे म्हणणे मीच मांडतो. हॉल उघडण्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. पावसात माणसांची जाळी भिजत असताना कुलूप राखत बसणारा ख्रिस्ती माणूस मला ठाऊक नाही. माझा विरोध मौनाला आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय झाले. ही कामे कोणाच्या नावाने चालली आहेत हे त्या लोकांनी कधी लपवले नाही, आणि म्हणून रोग्यांनी तिकडे पाठही फिरवली नाही. सांगणे आणि लादणे यांत फरक आहे. लादण्याच्या भीतीने आपण सांगणेच सोडून दिले, तर मग आपण आणि तालुक्यातली एखादी समाजसेवी संस्था यांत उरले काय? पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना जाऊन सांगा असे म्हटले होते, आणि ती आज्ञा एखाद्या ठरावाने मागे घेता येत नाही.

दुसरी गोष्ट लिहिताना मला वाईट वाटते, पण ती लिहिलीच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळीतली अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा सलग दोन महिने प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या) विधीवाचून राहिली. पाळकसाहेब हॉलमध्ये होते, पंचकमिटी पेजेच्या व्यवस्थेत होती, आणि मंदिरापासून शंभर पावलांवर राहणाऱ्या त्या बाईकडे जायला कोणाला सवड झाली नाही. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मंडळी चालू आहे ना?” गावासाठी दार उघडताना आपण आपल्याच घरातली एक खोली बंद केली होती.

वाडीतील शेजारीण

मी ख्रिस्ती नाही. माझ्या दिराचे जाळे त्या हॉलमध्ये होते आणि पेज वाढायला मीही उभी राहत असे, म्हणून लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या घरी यावरून वाद झाला. या पेजेच्या बदल्यात उद्या काय मागतील, असे सासऱ्यांनी विचारले, आणि त्यांचे विचारणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत पुढे कधीतरी वसूल होते हा गरिबाचा अनुभव आहे. दोन महिने कोणी काही मागितले नाही, तेव्हा सासरे स्वतः हॉलमध्ये येऊन बसू लागले.

मात्र एक गोष्ट ठराव मांडणाऱ्या बाईंनी ऐकावी. तुम्ही जेवणाआधीची प्रार्थना स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून घेऊन करत होता. आम्हांला ते दिसत होते, आणि त्यानेच संशय वाढत होता. तुमच्या घरात तुम्ही देवाचे नाव घेतले तर आमचे काय बिघडते? आम्हीही जाळे पाण्यात सोडण्याआधी हात जोडतोच. रापण ओढताना दोराला कोण कोण लागले आहे हे कोणी विचारत नाही, आणि मासळी वर आली की ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. आम्हांला तुमच्याकडून तेवढीच वागणूक हवी आहे. तुम्ही कोण आहात हे विसरून जावे, असे आमचे मागणे नाही.

मुंबईत नोकरी करणारा, मूळचा मालवणकडचा

ठरावातला बाप्तिस्म्याचा भाग कोणी उचलला नाही, तो महत्त्वाचा आहे. घटनेचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी मुख्यतः हिंदूंना होता. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना अजून मिळालेला नाही. त्यामुळे मनाने ख्रिस्ताकडे आलेला माणूस मुलांच्या शिक्षणातल्या सवलती जातील म्हणून बाप्तिस्मा पुढे ढकलतो आणि वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसतो. त्याला आपण अर्धवट समजतो. हा आपल्याकडून होणारा अन्याय आहे, आणि त्यासाठी सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही.

धागालेखिका

शेजारणीचे म्हणणे मला लागले आणि पटलेही. दार लोटून प्रार्थना करण्याची सूचना माझीच होती. यंदा ती प्रार्थना पेजेच्या पातेल्यापाशी उभे राहून होईल, ज्याला मान लववायची त्याने लववावी.

ज्येष्ठ बंधूंना मात्र उत्तर द्यावेसे वाटते. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊजणांचे कुष्ठ काही परत आले नाही. त्यांनी विश्वास ठेवावा अशी अट त्या बरे करण्यात नव्हती. बाप्तिस्म्याविषयी म्हणाल, तर हा विचार मी परदेशातल्या एखाद्या पुढारलेल्या चर्चकडून उचललेला नाही, तो आपल्या कोकणच्याच माणसाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना होती. त्यांची पदे आपण दर रविवारी गातो. मग त्यांनी ज्यांच्यासाठी दरबार मांडला, त्या माणसांना गाणाऱ्यांच्या रांगेत उभे करायला आपण का कचरतो?

रत्नागिरीचा एक धर्मशिक्षक

टिळकांचे नाव घेतले ते योग्यच, पण पुढचेही सांगायला हवे. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही, कारण तो एका मोठ्या माणसाच्या ओढीवर चालला होता. याउलट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे पाहा. १९२९ पासून वाटाघाटी झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एक झाल्या. अर्भकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढांचाच मानणारे, दोघेही तिथे आपली रीत राखून एका छताखाली आले. एवढा वेळ लागला, पण ते टिकले आहे. एका सभेत, हात वर करवून, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच ठरावात मंजूर करून घेऊ नका. हॉल, प्रचार आणि सभासदत्व हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि तिसऱ्यासाठी निदान वर्षभर अभ्यास हवा.

एक आई

मी याच मंडळीतली आहे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी माझ्या घरचे मीठ खाल्ले आहे. माझा मुलगा समलिंगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ विषयी, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा, निकाल दिला, त्या रात्री त्याने मला हे सांगितले. त्याचा बाप्तिस्मा या मंदिरात झाला, दृढीकरण इथेच झाले, आणि तरीही पाच वर्षे तो इथे आला नाही, कारण कोणी त्याला येऊ नकोस म्हटले नव्हते, पण ये असेही म्हटले नव्हते. गेल्या जुलैत तो आला तो हॉलमध्ये. रापणकरांबरोबर जाळ्याचे टोक धरून बसला, सुईत दोरा भरून देत राहिला, आणि त्याला तिथे कोणी काही विचारले नाही. पुढच्या रविवारी तो उपासनेला आला आणि शेवटच्या बाकावर बसला. ज्येष्ठ बंधूंनी बंद झालेल्या खोलीविषयी लिहिले, ते मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्या घरातली अशी एक खोली त्या हॉलमुळे उघडली.

मंडळीतील एक ज्येष्ठ

बाईंनी लिहिलेले मी दोनदा वाचले. त्यांच्या मुलाला मी शब्बाथशाळेत शिकवले आहे. पवित्र शास्त्राचा जो अर्थ मला आयुष्यभर शिकवला गेला तो मी एका रात्रीत बदलू शकत नाही, आणि तसे खोटे सांगणारही नाही. पण पाच वर्षे त्याची चौकशी न करणाऱ्यांत मी होतो, आणि त्यासाठी मला कोणत्याही शास्त्राचा आधार सापडत नाही. रविवारी मी त्याच्या शेजारी बसेन.

ठरावाविषयी माझे मत तेच आहे. सेवा करताना विचारणाऱ्याला उत्तर द्यायला आपण तयार असले पाहिजे, आणि ते उत्तर देण्याची मुभा ठरावात लिहून हवी. सभासदत्वाचा प्रश्न धर्मशिक्षकांनी सुचवल्याप्रमाणे वेगळा ठेवावा. हॉलसाठी माझ्या दोन अटी आहेत. जाळी शनिवारी दुपारपर्यंत उतरवून फरशी धुतली जावी, म्हणजे रविवारी मुले बसू शकतील. आणि घरी पडून असलेल्यांच्या भेटीचा वार ठरवून त्याची नावनिशीवार वही ठेवली जावी.

धागालेखिका

तीन ठराव वेगवेगळे मांडते. विचारणाऱ्याला उत्तर देण्याची मुभा पहिल्यातच लिहीन, आणि ती मुळातच लिहायला हवी होती. वहीचे पहिले पान मी आज आखले आहे. त्यावर त्या वृद्ध बाईंचे नाव आहे, आणि गुरुवारी त्यांच्याकडे पाळकसाहेबांबरोबर तुम्ही व मी जायचे आहे. जाळी उतरवायला शनिवारी किती माणसे लागतील, ते शेजारणीने कळवावे.

वाडीतील शेजारीण

सहा पुरतील. फरशी आम्ही धुऊ.