अनुभव धागा : बेसबॉलमधला तुमचा सर्वात मोठा पिचर (म्हणजे गोलंदाज) कोण, आणि तो तुम्हाला कुठे भेटला?

हडसनकाठ
यंदा मंडळाच्या गणपतीला आम्ही सातआठ जण एका बेसमेंटमध्ये मोदक वळत बसलो होतो. एक काका सहज म्हणाले, "सँडी कूफॅक्ससारखा पिचर पुन्हा होणे नाही." झालं! दुसरे काका उकडीने माखलेला हात नाचवत उठले, "पेद्रोला पाहिलंयत का कधी?" पुढचा पाऊण तास पारीला पाकळ्या कुणीच पाडल्या नाहीत. म्हणून हा धागा. आकडे जरूर टाका, पण तो पिचर तुमच्या आयुष्यात कसा आला तेही सांगा.

ज्यांना बेसबॉलचं गम्य नाही त्यांच्यासाठी : ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, जितका कमी तितका चांगला. नो-हिटर म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) न देणं. स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद, वॉक म्हणजे खराब चेंडूंमुळे त्याला फुकट पहिला बेस. साय यंग हा दोन्ही लीगमध्ये वर्षातल्या एकेका सर्वोत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार.

सुरुवात माझ्यापासून. मारियानो रिव्हेरा, न्यूयॉर्क यांकीज. पनामाचा. आयुष्यभर मुख्यतः एकच चेंडू टाकला, कटर. शेवटच्या क्षणी बोटभर वळणारा. डावखुऱ्याच्या बॅटचा दांडा मुठीपाशी मोडायचा आणि तो हातातला तुकडा बघत उभा राहायचा. आम्ही स्टेडियमच्या अगदी वरच्या मजल्यावर बसायचो. रिव्हेरा शेवटच्या इनिंगला बुलपेनमधून (राखीव पिचर थांबतात ती जागा) धावत निघाला की शेजारपाजारचे लोक जॅकेट चढवायला लागायचे. सामना संपायच्या आधीच! 652 सेव्ह्ज (शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने), आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या दिग्गजांचं मानाचं दालन) गेला तो एकही मत विरोधात न पडता. असा पहिलाच.

जुना ह्यूस्टनकर
एक इनिंग टाकणारा माणूस सर्वात मोठा? म्हणजे फक्त ताटं वाढायला आलेल्याला आचारी म्हणण्यासारखं झालं.

माझा नोलन रायन. सप्टेंबर 1981. मला अमेरिकेत येऊन सहा आठवडे झाले होते. रूममेटने ॲस्ट्रोडोमला, म्हणजे ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियमला नेलं. खरं सांगायचं तर मी एसीसाठी गेलो. समोर डॉजर्स, आणि रायन गोलंदाजीला (मी अजूनही गोलंदाजीच म्हणतो). सातव्या इनिंगनंतर मी मोठ्यांदा विचारलं, "अरे, यांना अजून एकही हिट नाही ना?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून असं पाहिलं की जणू मी भर मंगलाष्टकांत शिंकलो. नो-हिटर चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. डगआउटमध्ये पिचरशी बोलतसुद्धा नाहीत, त्याच्या शेजारची बाक रिकामी ठेवतात. आपल्याकडे फलंदाज नव्याण्णववर असताना कुणी उठून जागा बदलत नाही, त्यातलाच प्रकार.

शेवटचा डस्टी बेकर. चेंडू तिसऱ्या बेसकडे गेला, तिथून पहिल्याकडे, आणि तोच म्हातारा मला मिठी मारून रडायला लागला. 5-0. रायनचा तो पाचवा नो-हिटर. त्याआधी कूफॅक्सचे चार हा विक्रम होता. पुढे आणखी दोन केले, शेवटचा 1991 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. एकूण 5714 स्ट्राइकआउट.

साय यंग एकदाही मिळालं नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. आणि 2795 वॉक दिले, हेही.

चेंबूरची बॉस्टनकर
ते "पेद्रो" म्हणून उठलेले काका कोण, त्यांना माझा नमस्कार सांगा.

लग्न होऊन 1998 ला आले. व्हिसावर नोकरीची मुभा नाही, नवरा सकाळी सातला जायचा. खालच्या मजल्यावर घरमालकीण, ऐंशीला टेकलेली. तिच्या जन्मानंतर रेड सॉक्स, म्हणजे आमचा बॉस्टनचा संघ, एकदाही वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकले नव्हते, शेवटची 1918 ची. दुपारी मी पोहे घेऊन खाली जायचे आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर. तिचा उच्चार मला कळायचा नाही, माझा तिला.

पेद्रो मार्टिनेझचा चेंजअप कसा पडतो हे तिने मला बटाट्यावर शिकवलं. अंगठा आणि तर्जनी एका बाजूला जुळवून गोल करायचा, चेंडू उरलेल्या तीन बोटांत. हात फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरतो, पण चेंडू रेंगाळत येतो. "तो खोटं बोलतो, पण हाताने," असं काहीसं ती म्हणाली. तो बटाटा नंतर भाजीत गेला.

जुलै 1999 ची ऑल-स्टार गेम (दोन्ही लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) आमच्या फेनवे मैदानावरच होती. पहिले चार फलंदाज : लार्किन, वॉकर, सोसा, मॅग्वायर. चारही स्ट्राइकआउट. यातल्या शेवटच्या दोघांनी आदल्या वर्षी मिळून 136 होमरन मारले होते! 2000 साली पेद्रोचा ईआरए 1.74, आणि त्याच लीगमध्ये दुसरा नंबर 3.70. मधली दरी बघा. तेही बरेच जण उत्तेजकं घेऊन, दंड फुगवून होमरन मारत होते त्या काळात.

2004 ला जिंकलो. मालकीणबाई तेव्हा नर्सिंग होममध्ये होत्या. पेद्रोने तिसऱ्या सामन्यात सात इनिंग एकही धाव दिली नाही. मी फोन केला, तर पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता.

सरळबॅट
तो 3.70 वाला दुसरा नंबर रॉजर क्लेमेन्सचा होता. सात साय यंग, 354 विजय, एका सामन्यात 20 स्ट्राइकआउट, तेही दोनदा. त्याचं नाव इथे कुणी घेणार आहे की नाही?

चेंबूरची बॉस्टनकर
नाही.

सरळबॅट
उत्तेजकं घेतली नाहीत अशी खोटी साक्ष दिल्याच्या आरोपातून 2012 मध्ये निर्दोष सुटला आहे तो.

जुना ह्यूस्टनकर
कोर्टातून सुटला, पण लोकांच्या मनातून सुटला नाही. दहा वर्षं मतदान झालं, हॉल ऑफ फेमचं दार उघडलं नाही. मला विचाराल तर घ्यावा आत, आणि पाटीवर सगळं लिहावं.

पीचट्री
अटलांटा, 1997 चा उन्हाळा. बाबा दादरहून तीन महिन्यांसाठी आले होते. बेसबॉलला ते "श्रीमंतांचा विटीदांडू" म्हणायचे. एका संध्याकाळी टीव्हीवर ग्रेग मॅडक्स. ना आडदांड शरीर, ना आग ओकणारा वेग. एखाद्या बँकेतला कॅशियर वाटावा. बाबा पेपर वाचत होते. तिसऱ्या इनिंगला पेपर खाली आला. पाचव्याला म्हणाले, "अरे, हा तर बापू नाडकर्णी."

मग तासभर बापूपुराण. मद्रास, 1964, इंग्लंडविरुद्ध सलग 21 निर्धाव षटकं. 32 षटकांत 27 निर्धाव, पाच धावा, विकेट शून्य. सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे म्हणे. मॅडक्सचंही तेच : कॅचरचा ग्लोव्ह हलायचाच नाही. त्याच जुलैमध्ये शिकागो कब्सविरुद्ध त्याने अख्खा सामना 78 चेंडूंत संपवला होता. हल्ली एवढ्यात पिचर पाचव्या इनिंगला पोचतो आणि कोच त्याला आणायला निघतो. 1992 ते 1995, लागोपाठ चार साय यंग.

बाबा परत गेल्यावर फोनवर दर रविवारी विचारायचे, "बापूचं काय झालं?"

लेथमशीन
इंजिनिअर म्हणून माझं एकच मत. ज्याच्यामुळे मैदान बदलावं लागलं तो मोठा. 1968, सेंट लुइस, बॉब गिब्सन, ईआरए 1.12, तेरा शटआउट (एकही धाव न देता पूर्ण टाकलेले सामने). एकट्याचा दोष नाही, त्या वर्षी सगळेच पिचर माजले होते. अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीचं विजेतेपद .301 वर मिळालं. पुढच्या वर्षी माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, 15 इंचांवरून 10 वर आणला. बस्स.

कॅन्ससची मावशी
तुमची सगळी यादी एका दाराच्या अलीकडची आहे. सॅचेल पेज कुणाला आठवला नाही?

आमच्या गावात नीग्रो लीग्जचं संग्रहालय आहे. आत एक छोटं मैदान केलंय, त्यावर ब्राँझचे खेळाडू आपापल्या जागी उभे. माउंडवर पेज. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते, मॉल नंतर. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती, म्हणून पेजची ऐन उमेदीची वर्षं बाहेर गेली. 1948 मध्ये क्लीव्हलंडने घेतलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा. आणि 1965 मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकल्या. मालकाने गंमत म्हणून त्याला बुलपेनमध्ये झुलत्या खुर्चीत बसवलं होतं, शेजारी नर्स! त्याने तीन इनिंगमध्ये एक हिट दिली आणि धाव शून्य. मग कुणाची गंमत झाली?

माझ्या सासूबाई त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. बेसबॉलचं त्यांना ओ की ठो कळत नाही. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तसंच का हे?"

फ्रीमॉन्टची आई
मी कूफॅक्सला मत देणार, पण खेळ पाहून नाही.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना पिचर होता. लिटल लीगमध्ये त्या वयाला दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा असते. पण तो शनिवारी तिथे टाकायचा आणि रविवारी एका खासगी संघाकडून. दोन वह्या, दोन कोच, आणि बेरीज कुणीच करत नव्हतं. आम्हीसुद्धा. एका सकाळी त्याने दात घासायचा ब्रश डाव्या हातात धरला. मी विचारलं तर म्हणाला, "असंच." कोपर सरळ होत नव्हतं. नशीब, ऑपरेशनपर्यंत गेलं नाही. नऊ महिने विश्रांती.

तेव्हा कूफॅक्सबद्दल वाचलं. 1965 मध्ये 382 स्ट्राइकआउट, परफेक्ट गेम (अख्ख्या सामन्यात एकही फलंदाज बेसवर पोचला नाही), आणि वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर. 1966 मध्ये 27 विजय, ईआरए 1.73. आणि तिथेच थांबला, वय वर्षं तीस, संधिवाताने कोपर गेलेलं. शिखरावर असताना "मला पुढचं आयुष्य हा हात वापरायचा आहे" असं ठरवणं सोपं नसणार.

मुलगा आता शॉर्टस्टॉप आहे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक.

ओंटारियोचा गडी
मी ब्लू जेजचा, म्हणजे टोरांटोच्या संघाचा. त्यामुळे हे लिहिताना पोटात अजून दुखतं.

1 नोव्हेंबर 2025, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. आमच्याकडे बारा माणसं, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या. डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोने आदल्याच रात्री सुरुवातीचा पिचर म्हणून सहा इनिंग टाकल्या होत्या. आता हा खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार, असं आम्ही धरून चाललो होतो. नवव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडलं आणि तोच बाहेर आला. बायको म्हणाली, "याला घरी कुणी नाही का?"

अकराव्यापर्यंत तोच. शेवटी आमच्या कर्कची बॅट मोडली, डबल प्ले (एका चेंडूवर दोघे बाद), 5-4 ने हरलो. सिरीजमधले चारपैकी तीन विजय त्याच्या नावावर. कुणी बोललं नाही. चकल्या तशाच.

सर्वात मोठा म्हणणार नाही. अजिबात नाही. पण रायन, पेज वगैरे मी पाहिलेले नाहीत, आणि हा मला बघावा लागला.

जुना ह्यूस्टनकर
बॉस्टनकर, तुमची ती बटाट्याची पकड करून पाहिली. अंगठा तर्जनीपर्यंत पोचत नाही, सांधे आखडलेत. लहान बटाटा घेऊन बघतो.