ओंडक्याची धडक बसलेला फोम कोअरचा तळ: नुकसान वाढत जाते का?

जुवारीकाठ
आमच्या प्रवासी बोटीचा तळ सॅण्डविच पद्धतीचा आहे: मध्ये घनमीटरला 80 किलो घनतेचा पीव्हीसी फोम आणि दोन्ही बाजूंना ग्लासफायबरचे थर. पावसाळ्यात जुवारीतून वाहत आलेल्या ओंडक्याची धडक पुढच्या भागाला बसली. जेलकोटवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत लेपावर, तळहाताएवढा उथळ खळगा दिसतो. भेग नाही, पाणीही आत येत नाही. लाटांचा मार रोजचाच असल्यामुळे हे नुकसान वाढत जाईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डोलकाठी
खळग्याच्या खोलीवरून अंदाज बांधू नये. धडकेत आत दबलेला बाहेरचा थर बराचसा पूर्ववत होतो, परंतु फोमच्या पेशी चिरडलेल्याच राहतात आणि दोहोंमध्ये पोकळी उरू शकते. नाण्याने ठोकत जावे. धड जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. आवाज बदलेपर्यंत बाहेरच्या दिशेने सरकत सीमा पेन्सिलीने आखून ठेवावी. पाणी येत नाही, हा दिलासा फसवा आहे. फोम बंद पेशींचा आहे आणि आतला थर शाबूत आहे, मग पाणी येईल कुठून?

ताणमापक
अखंड फोमवर भार पुनःपुन्हा पडत राहिला, तर आयुष्याचा मोठा भाग भेग सुरू होण्यातच जातो. पुढची वाढ तुलनेने झटपट होते. आपल्या तळात चिरडलेल्या जागी ती सुरुवात धडकेनेच करून ठेवलेली असू शकते. वाकण्याचा ताण मुख्यतः थर पेलतात, कर्तन-ताण (एक भाग दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा ताण) मात्र जवळजवळ सगळा फोमवर येतो आणि तो आधाराजवळ, म्हणजे तळाला आतून पेलणाऱ्या बरगडीपाशी (फ्रेमपाशी), सर्वाधिक असतो. तेथील भेग साधारण 45 अंशांत तिरकी जाऊन थराला भिडते व मग थराच्या कडेने सरकत त्याला फोमपासून सोलत नेते. म्हणून खळगा फ्रेमपासून किती दूर आहे, हे आधी कळवावे.

जुवारीकाठ
चार बोटांवर. बद्द आवाज थेट फ्रेमपर्यंत येतो.

डोलकाठी
मग बोट फेरीला काढू नये. भोक पाडून रेझिन भरण्याचा स्वस्त उपाय सर्रास केला जातो, पण मला तो पटत नाही: चिरडलेला फोम तसाच राहतो आणि रेझिनच्या कडक गोळ्याच्या कडेला ताण एकवटतो. आखलेल्या सीमेच्या थोडे बाहेरून वरचा थर कापावा, खराब फोम काढून त्याच घनतेचा नवा बसवावा आणि थराच्या कडा जाडीच्या किमान 12 पट लांबीचा उतार देऊन घासाव्यात. काम छपराखाली, कोरड्या हवेतच करावे. ओलसर फोमवर रेझिनची पकड बसत नाही.